तळ्यातलं मूल आणि चळवळीचं बँक खातं

नोव्हेंबर १९७१. पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित जीव मुठीत धरून भारतात येत होते आणि छावण्यांमध्ये उपासमारीने, रोगराईने माणसं मरत होती. त्याच दिवसांत २५ वर्षांचा एक ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ, पीटर सिंगर, एक निबंध लिहीत होता. पुढच्या वर्षी तो छापून आला. त्यातला मुद्दा शाळकरी पोरालाही कळेल. तुम्ही एका उथळ तळ्याकडेने चालला आहात. पाण्यात लहान मूल बुडतंय. आत उतरलात तर कपडे चिखलाने खराब होतील, बाकी काही बिघडणार नाही. उतराल ना? मग दूर देशात मरणारं मूल तेवढ्याच झळीत वाचणार असेल, तर तिथे पाय का अडतो? अंतर वाढलं म्हणून जबाबदारी कमी होते का? काठावर आणखी दहा जण हाताची घडी घालून उभे आहेत, म्हणून तुमची सुटका होते का?

या युक्तिवादाशी भांडता येतं. पन्नास वर्षं लोक भांडतच आहेत. पण तो तुमच्याकडे काय मागत नाही, तेही जरा बघा. तो सभासद व्हा म्हणत नाही. बैठकीला या, बिल्ला लावा, आणखी चार जणांना घेऊन या, असलं काहीही म्हणत नाही. रात्री वाचावं, पटावं, सकाळी पैसे पाठवावेत आणि जन्मभर कोणाला त्याचा पत्ता लागू देऊ नये, इतकं पुरतं. विचार तिथे पूर्ण होतो.

याला मी दानाचा विचार म्हणतो. दानाची चळवळ हे वेगळंच प्रकरण आहे. दोन्ही इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम, म्हणजे परिणामकारक परोपकार, या एकाच नावाने ओळखली जातात, म्हणून वाद घालणाऱ्यांची निम्मी शक्ती एकमेकांचं न ऐकण्यात जाते. एक जण चळवळीवर टीका करतो, दुसरा विचाराचा बचाव करतो आणि दोघेही आपण जिंकलो असं समजून घरी जातात.

चळवळ लागतेच का?

लागते, आणि त्यामागे नुसता मिरवायचा सोस नसतो.

पहिली अडचण साधी आहे. खरं तळं डोळ्यांसमोर नसतं. आपण दिलेल्या पैशाने मूल बाहेर आलं की पैसे मधल्या मध्ये जिरले, हे काठावरून दिसत नाही. अमेरिकेत एका गुंतवणूक कंपनीत काम करणाऱ्या दोन तरुणांनी दान द्यायचं ठरवलं आणि संस्थांना विचारलं, ‘आमच्या पैशाचं नेमकं काय होतं?’ उत्तरादाखल बहुतेक ठिकाणांहून गुळगुळीत माहितीपत्रकं आली. त्या वैतागातून २००७ मध्ये गिव्हवेल ही संस्था निघाली. चाचण्यांचे निष्कर्ष वाचायचे, हिशेब तपासायचे आणि मोजक्याच संस्थांची नावं सुचवायची, हे तिचं काम. मलेरियाच्या भागात कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या वाटणं हे त्यांच्या यादीतलं वर्षानुवर्षांचं नाव. तिथे काही हजार डॉलरमागे एक जीव वाचतो, असा त्यांचा अंदाज आहे. हा हिशेब तुम्ही-आम्ही रात्री जेवणानंतर बसून करू शकत नाही. त्यासाठी पगारी माणसं लागतात.

दुसरी अडचण मनाची. पटलेली गोष्ट महिन्याभरात थंड पडते. म्हणून २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या टोबी ऑर्ड या तत्त्वज्ञाने दुसऱ्या एका तरुण तत्त्वज्ञाला, विल मॅकअ‍ॅस्किलला सोबत घेऊन गिव्हिंग व्हॉट वी कॅन नावाचा गट सुरू केला. उत्पन्नाचा किमान १० टक्के भाग आयुष्यभर देईन, अशी प्रतिज्ञा करायची. सुरुवातीला २३ जण होते. चारचौघांत दिलेला शब्द मोडायला माणूस कचरतो. खासगीत केलेला संकल्प मोडताना कोणी बघायलाच नसतं. यात वाईट काही नाही. मला तर ही युक्ती आवडते.

तिसरा टप्पा मात्र गमतीचा आहे. २०११ च्या अखेरीस हा गट आणि करिअरचा सल्ला देणारी ८०,००० अवर्स ही नवी संस्था यांच्यावर एक छत्री-संस्था हवी होती. छत्रीला नाव हवं. बरीच नावं सुचवली गेली, मतदान झालं आणि सेंटर फॉर इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम हे नाव जिंकलं. ठरवलं होतं ते कचेरीचं नाव. पण हळूहळू ते माणसांना चिकटलं. ‘मी अमुक ठिकाणी दान देतो’ असं सांगणारा माणूस ‘मी इफेक्टिव्ह अल्ट्रुइस्ट आहे’ असं सांगू लागला.

व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर क्रियापदाचं नाम झालं. क्रियापदाला आतले आणि बाहेरचे नसतात, नामाला असतात. माणूस देतो किंवा देत नाही, मामला संपला. पण ‘आपल्यातला’ म्हटलं की कोण आपल्यातला, कोण नाही, कोण जुना, कोणाचा शब्द चालतो, हे सगळं मागोमाग येतं.

शंभर डॉलरचं गणित

विचाराला एकच प्रश्न विचारता येतो: बरोबर आहे का? चळवळीला आणखी दोन प्रश्न सतत सतावतात: टिकेल का, वाढेल का? हे दोन प्रश्न पहिल्यात कसे मिसळतात, ते आकड्यांतून पाहू. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे.

समजा तुमच्याकडे दानाचे १०० डॉलर आहेत. ते मच्छरदाण्यांना दिले तर १०० डॉलरच्या मच्छरदाण्या मिळतील. आता कोणी तरी म्हणतं, हेच १०० डॉलर विद्यापीठातल्या व्याख्यानांवर खर्च करू. त्यातून एक तरुण तयार होईल आणि तो पुढे ३०० डॉलर देईल. म्हणजे तिप्पट मच्छरदाण्या. हिशेब चोख आहे. विचार प्रामाणिकपणे मानणाऱ्याने दुसरा पर्याय निवडायला हवा. मग तिसरा येतो. तो म्हणतो, व्याख्यानं देणारे तयार करण्यावर खर्च केला तर? नऊपट. मग व्याख्यात्यांच्या प्रशिक्षणासाठी चांगली जागा घेतली तर?

या पायऱ्यांमध्ये कुठे थांबायचं, हे गणित सांगत नाही. दर पायरीला मच्छरदाणी आणखी दूर जाते आणि प्रत्येक वेळी कागदावरचा आकडा मोठा होतो.

त्याहून वाईट म्हणजे मोजणारा बदलतो. मच्छरदाणीने मलेरिया कमी होतो की नाही, हे तपासायला त्रयस्थ संशोधक असतात. काही गावांत वाटायच्या, काहींत नाही, आणि फरक बघायचा. तो तरुण ३०० डॉलर देईल, हा अंदाज मात्र कोणी केला? ज्याची नोकरी तरुण गोळा करण्यावर चालते त्यानेच. कान सोनारानेच टोचावेत म्हणतात. इथे ज्याचा कान त्याच्याच हातात सुई आहे. यात कोणी लबाड असलाच पाहिजे असं नाही. हाडाचा प्रामाणिक माणूसही स्वतःच्या कामाची किंमत जरा वरच लावतो.

ऑक्सफर्डजवळची वायथम अ‍ॅबी ही जुनी देखणी वास्तू याचंच उदाहरण ठरली. चळवळीतल्या संस्थेने परिषदांसाठी ती सुमारे दीड कोटी पौंडांना घेतली. २०२२ च्या शेवटी हे चर्चेत आलं तेव्हा लोक संतापले: गरिबांच्या नावाने जमलेल्या माणसांनी वाडा घेतला? उत्तर मिळालं की दर वेळी भाड्याने सभागृह घेण्यापेक्षा हे दीर्घकाळात परवडतं, शिवाय वास्तू विकताही येते. पुढे ती विकायला काढावी लागली. मला त्या खरेदीपेक्षा ते उत्तर जास्त बोलकं वाटलं. ते उत्तर चळवळीचं होतं. तळ्यातल्या मुलाचा विचार परिषदेच्या सभागृहाबद्दल चकार शब्द काढत नाही, ना बाजूने ना विरोधात. त्या वास्तूची पायरी गाठायला मधले चार-पाच अंदाज चढून जावे लागतात. विचार पटलेल्या माणसाने ते सगळे अंदाज आपोआप मान्य करावेत, अशी अपेक्षा मात्र केली जात होती.

मोठा देणगीदार

मग एफटीएक्स. सॅम बँकमन-फ्राइड हा अमेरिकन तरुण एमआयटी या विद्यापीठात शिकत असताना मॅकअ‍ॅस्किल त्याला भेटला होता. कल्पना अशी: भरपूर कमाव आणि बरंचसं देऊन टाक. ८०,००० अवर्सने सुरुवातीला हा सल्ला मोठ्या हौसेने दिला होता. (नावातला आकडा ४० वर्षं, वर्षाचे ५० आठवडे, आठवड्याचे ४० तास असा, म्हणजे एका नोकरदार आयुष्याचा हिशेब.) नंतर त्यांनी स्वतःच सांगितलं की हा मार्ग थोड्याच लोकांसाठी योग्य आहे. पण तोवर एक जण त्या वाटेने खूप पुढे गेला होता. २०१९ मध्ये त्याने एफटीएक्स ही कूटचलनाची (क्रिप्टोकरन्सीची) बाजारपेठ काढली आणि काही वर्षांत अब्जाधीश झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच्या पैशावर फ्यूचर फंड हा दाननिधी सुरू झाला. वर्षभरात किमान १० कोटी डॉलर वाटायचा बेत जाहीर झाला. नोव्हेंबरात एफटीएक्सचं दिवाळं वाजलं. ग्राहकांचे अब्जावधी डॉलर परस्पर वापरले गेले होते. फंडाचे सगळे कर्मचारी एकदम राजीनामा देऊन मोकळे झाले. मार्च २०२४ मध्ये बँकमन-फ्राइडला २५ वर्षांची शिक्षा झाली. चळवळीतल्या एका प्रमुख संस्थेने मिळालेल्या देणग्यांपोटी सुमारे २ कोटी ६८ लाख डॉलर दिवाळखोरीच्या खात्यात परत करायचं मान्य केलं.

यावर दोन प्रतिक्रिया उमटल्या. पहिली: बघा, सगळा विचारच भंपक होता. हे चूक आहे. मुनीम चोर निघाला म्हणून बेरीज-वजाबाकी खोटी ठरत नाही. मच्छरदाणीचा डासांवरचा परिणाम दिवाळ्याच्या आदल्या दिवशी जेवढा होता तेवढाच दुसऱ्या दिवशीही होता.

दुसरी प्रतिक्रिया जास्त सभ्य आहे आणि मला जास्त खटकते. विचार चांगलाच आहे, एक माणूस वाईट निघाला, आता पुढे चला. यात विचाराची ढाल करून चळवळ मागे लपते. त्या माणसाचा चेहरा पुढे कोणी केला? एकाच खिशावर इतकी मदार कोणी ठेवली? देणगीदाराचे हिशेब विचारायची पद्धत का नव्हती? ‘चांगलं करणं चांगलं असतं’ हे या प्रश्नांचं उत्तर होऊ शकत नाही. हे प्रश्न संस्थेचे आहेत: विश्वस्त कोण, पैसा कुठून, नाही म्हणायचा अधिकार कोणाकडे.

थोडं मला माझ्याच विरोधात बोलावं लागेल. विचार आणि चळवळ यांच्यातली भिंत मी समजतो तितकी पक्की नाही. बँकमन-फ्राइडला एका मुलाखतीत विचारलं गेलं की ५१ टक्के शक्यता जग दुप्पट होण्याची आणि ४९ टक्के सगळं नष्ट होण्याची, असा जुगार खेळशील का, आणि पुन्हा पुन्हा खेळशील का? त्याने त्या बाजूनेच उत्तर दिलं. ही हाव त्याने आकाशातून आणली नव्हती. ‘फक्त निकाल मोजा’ हा धागा विचारातच आहे आणि त्याला बांध घातला नाही तर तो इथवर जातो. चळवळीतल्या तत्त्वज्ञांनी, साध्य चांगलं म्हणून वाटेल ते साधन चालत नाही, असं आधीच लिहून ठेवलं होतं. पण विचार घोषणेइतका छोटा केला की लिहिलेल्या अटी आधी गळतात. हाही चळवळीचाच एक परिणाम: विचार पसरवायचा तर तो आटवावा लागतो, आणि आटवताना काय उडून गेलं ते भांड्यात बघून कळत नाही.

ज्याला सुचलं तो आणि ज्याने उभं केलं तो

विचार आणि चळवळ यांच्यातला हा पेच आजचा नाही. जून १८५९ मध्ये उत्तर इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर आंरी द्युनां हा जिनिव्हाचा व्यापारी स्वतःच्या धंद्याच्या कामासाठी त्या भागात पोचला. जवळच्या कास्तिल्योने गावात तो आणि गावातल्या बायका जखमी सैनिकांना पाणी पाजत होत्या, पट्ट्या बांधत होत्या, कोणत्या बाजूचा हे न विचारता. सगळे भाऊच, असं त्या म्हणत. द्युनांने १८६२ मध्ये पदरमोड करून त्यावर पुस्तक छापलं. १८६३ मध्ये पाच जणांची समिती झाली, १८६४ मध्ये युद्धातल्या जखमींसाठीचा पहिला जिनिव्हा करार. त्या समितीतूनच रेड क्रॉस उभी राहिली.

समितीत ग्युस्ताव म्वानिए नावाचा वकील होता. द्युनां स्वप्नाळू, म्वानिए शिस्तीचा. १८६७ मध्ये द्युनांचा अल्जीरियातला धंदा बुडाला, त्याचं दिवाळं निघालं आणि त्याला समितीतून बाहेर पडावं लागलं. म्वानिएने मग संस्था १९१० पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत चालवली. द्युनां गरिबीत भटकला, शेवटी हायडेन नावाच्या गावातल्या रुग्णालयात एका खोलीत राहिला. १९०१ चं पहिलं शांततेचं नोबेल त्याला विभागून मिळालं. दोघे १९१० मध्येच वारले, काही आठवड्यांच्या अंतराने, आणि त्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही.

आपली सहानुभूती द्युनांकडे जाते. माझीही. पण जखमींच्या बाजूने विचार केला तर म्वानिएच्या जागी दुसरा द्युनां असता तर रेड क्रॉस टिकली असती का, याची मला शंका आहे. दिवाळखोर माणूस समितीवर ठेवला तर देणग्या आटतील, ही काळजी क्षुद्र वाटते. ती क्षुद्र काळजी वाहणं हेच चळवळीचं काम असतं.

काही जण मात्र आधीच स्वतःचे हात बांधून घेतात. दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसने १९३८ मध्ये धाकट्या जॉन डी. रॉकफेलरकडे मोठ्या रकमेची आशा धरली होती. त्याने फक्त ५,००० डॉलर दिले, कारण पैशाने हे काम बिघडेल असं त्याला वाटलं. पुढे त्यांनी नियमच केले आणि १९५० मध्ये ते संमत झाले: बाहेरच्या देणग्या नाहीत, संस्थेचं नाव कोणाला वापरायला द्यायचं नाही, जाहीर ठिकाणी सभासदाने नाव लावायचं नाही. म्हणजे मोठा देणगीदार आणि मोठा चेहरा, दोन्हींची वाट बंद. हा दानधर्म नव्हे, परस्परांचा आधार आहे, त्यामुळे तो कमी पैशात चालतो. मच्छरदाण्या बाहेरच्या पैशाशिवाय विकत घेता येत नाहीत.

पळनीचा ठराव

विचार आणि चळवळ यांच्यातल्या या फरकाशी सगळ्यात धीटपणे झुंजलेला माणूस मराठी होता, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्ली गावात ४० दलित कुटुंबांनी विनोबांना सांगितलं, आम्हाला ८० एकर जमीन मिळाली तर पोट भरेल. विनोबांनी गावकऱ्यांना विचारलं. रामचंद्र रेड्डी उठले आणि म्हणाले, मी १०० एकर देतो. त्या क्षणी समिती नव्हती, निधी नव्हता. विचार होता: जमीन हवा-पाण्यासारखी आहे, तुमचे पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या.

मग विनोबा चालत राहिले आणि ४० लाख एकरांहून जास्त जमिनीची दानपत्रं जमली. जगात असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. पण दानपत्र म्हणजे जमीन नव्हे. सर्व्हे नंबर बरोबर आहे का? देणारा एकटाच मालक आहे की भावांचा हिस्सा आहे? त्यावर कर्ज आहे का? चतुःसीमा कोण दाखवणार, मोजणी कोण करणार, फेरफार कधी होणार? ज्याला मिळाली त्याच्याकडे बैल आणि बी आहे का? देणाऱ्याच्या पश्चात पोरांनी ‘आम्ही दिलं नाही’ म्हटलं तर? बरीच जमीन खडकाळ निघाली, बरीच वादातली. राज्यांनी भूदानाचे कायदे केले, मंडळं नेमली, तरी मोठा भाग वाटलाच गेला नाही. विनोबा सभेत जे मागत होते त्याला हृदय लागत होतं. वाटपाला कारकून लागत होता.

आणि नेमक्या त्या वेळी, १९५६ च्या अखेरीला, तमिळनाडूतल्या पळनी इथे विनोबांनी तंत्रमुक्ती आणि निधिमुक्तीचा निर्णय घडवून आणला. भूदान समित्या विसर्जित करायच्या, गांधी निधीतून कार्यकर्त्यांना मिळणारा पैसा बंद करायचा. काम लोकांनी आपणहून करावं. पगारी कार्यकर्ते आणि समित्या हीच चळवळ होऊन बसेल, विचार मागे पडेल, ही त्यांची भीती होती. त्या भीतीचे अर्थ आपण वर पाहिलेच. वाडे, खाती, चेहरे, हे सगळं त्यांना कित्येक दशकं आधी दिसलं होतं, असं मला वाटतं.

परिणाम काय झाला? अनेक जिल्ह्यांत समित्या गेल्या आणि त्यांच्यामागोमाग कामही गेलं. ज्या कार्यकर्त्यांना घर चालवायचं होतं ते पांगले. विनोबा चालतच राहिले, ग्रामदानाकडे, म्हणजे गावाची जमीन गावाच्याच नावे करण्याकडे, वळले, नंतर बिहारमध्ये पुन्हा मोठी लाटही आली. पण मधल्या काळात दानपत्रांचे गठ्ठे जिथे होते तिथेच होते. त्यांवरच्या सर्व्हे नंबरांची मोजणी कोणी तरी उन्हात उभं राहून करायची बाकी होती.